येळवस: शेतातल्या कोपीपाशी

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

रजेचा अर्ज मी दिवाळीतच देऊन ठेवला होता. करसल्लागाराच्या ऑफिसात डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर, राहून गेलेलं आयकर विवरणपत्र भरायची तारीखही तीच. आणि यंदा मार्गशीर्ष अमावास्या आली सोमवारी, ३० तारखेला. सर अर्ज हातात धरून थोडा वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "लॅपटॉप सोबत न्या."

पुण्यात हा सण सांगावा लागतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि शहरातलीसुद्धा माणसं शेतात जाऊन जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. लिहिताना वेळ अमावास्या, बोलताना येळवस. बिदर-कलबुर्गीकडेही ही अमावास्या शेतातच साजरी होते, आणि शब्द मूळचा कानडी आहे असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात.

मुंबईहून निघालेली लातूरची गाडी मध्यरात्रीनंतर पुण्याला आली. डब्यात शिरताच कळलं की निम्मा डबा येळवशीलाच निघालाय. वरच्या बर्थवरून एक आजी कुणाला तरी फोनवर विचारत होत्या, "आंबीलीचं ताक इरजून ठेवलंस का गं?" आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ, येळवशीला प्यायचं. माझा मुलगा आठवीत आहे. तो झोपला, मी मात्र कुर्डुवाडीपर्यंत जागी होते. लहानपणी इथे गाडी बदलून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळावरच्या गाडीत बसावं लागायचं. कुर्डुवाडी ते लातूर ती लाइन २००८ पर्यंत पूर्ण रुंद झाली. आता कुर्डुवाडी झोपेत निघून जाते.

शनिवार, २८ डिसेंबर

सकाळी लातूर स्टेशनात उतरलो तर आभाळ भरून आलेलं. डिसेंबरच्या शेवटी इथे कानाला फडकं बांधायची थंडी असते, आणि मी स्वेटर काढून हातावर टाकला होता. याच स्टेशनात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. त्या आधीच्या येळवशीला आमच्या शेतात पीकच नव्हतं. पिकावर शिंपडायची आंबील अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ढेकळांवर शिंपडली होती. स्टेशनातून बाहेर पडताना मला दर वेळी ती ढेकळं दिसतात.

दादा घ्यायला आला होता. "चहा घेऊ, मग गोलाईत जाऊ. आईनं मडकं सांगितलंय." गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या सकाळी सोळाही रस्ते तुंबले होते. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती भाज्यांचे ढीग. वाटाणा, गाजर, वालाच्या शेंगा, कांद्याची पात, चिंच, हिरवा हरभरा. आणि मडकी. आंबील मडक्यातच गार राहते आणि मडक्यातच तिला चव येते, असं आईचं म्हणणं. कुंभारणीने एकेक मडकं बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं. दादाने तीन नाकारली. चौथ्याचा आवाज घुमला तेव्हा तो म्हणाला, "हे द्या." मुलाने विचारलं, मामा, फरक काय? दादाने त्याच्या हातात आधी नाकारलेलं, मग निवडलेलं मडकं दिलं आणि दोन्ही वाजवायला लावली. पोराच्या चेहऱ्यावर ते कळल्याचं दिसलं.

औसा गेलं, लामजना पाटी आली, तिथून पुढे आमच्या गावाचा फाटा. वाटेत दुतर्फा हरभरा आणि तूर. ज्वारी कुठे कुठे, एखाद्या पट्ट्यात. माझ्या लहानपणी याच रस्त्याला या दिवसांत डोक्यावरून जाणारी ज्वारी असायची आणि एसटीच्या खिडकीतून फक्त पानंच दिसायची.

"औंदा पाऊस बरा झाला," दादा गाडी चालवता चालवता सांगत होता. "विहीर काठोकाठ हाय. पण सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ८९२ आणि अडतीवर चार हजाराच्या आसपास मागतेत. पोती घरातच थप्पी लावून ठेवलीत." मग काचेतून वर बघत म्हणाला, "आता ही ढगं. हरभऱ्यावर घाटेअळी येती बघ. अन् सकाळची धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो."

घरी पोचल्यावर पहिली बातमी कळली की कडबा नाही. येळवशीला शेतात पूजेसाठी उभी करायची कोप कडब्याच्या पाच पेंढ्यांची. कडबा येतो रब्बीच्या ज्वारीतून, आणि आमच्याकडे गेली दोन वर्षं ज्वारी पेरलेलीच नाही. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा. बैल विकल्यापासून कडब्याची गरजही उरली नव्हती. संध्याकाळी दादा शेजारच्या काकांकडे गेला, मीही मागोमाग. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत म्हणून गंजी आहे. त्यांनी निवडून, सरळ ताटांच्या पाच पेंढ्या काढून दिल्या. दादाने खिशात हात घातला तसे ते एकदम रागावले. "येळवशीच्या कडब्याचं कुणी पैसं घेतंय का रं?"

रविवार, २९ डिसेंबर

आज घर भरलं. निलंग्याहून आत्या आली, सोलापूरहून बापूंचा थोरला मुलगा बायको-लेकरांसह, हैदराबादहून धाकटी चुलत बहीण. बापू म्हणजे माझे चुलते. ते पलीकडच्याच गल्लीत राहतात. दुपारपर्यंत ओसरीवर सतरा माणसं आणि मधोमध जुन्या लुगड्यावर शेंगांचा ढीग. तुरीच्या ओल्या शेंगा सोलताना नखं हिरवी-काळी होतात आणि बोटांना एक उग्र वास राहतो. तो वास मला पुण्यात कधीच मिळत नाही. पुण्यात सोललेले दाणे पिशवीत मिळतात.

आमच्या या घराबद्दल सांगायला हवं. हे आमचं मूळ घर नाही, आणि हे गावही मूळ गाव नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या थोडं आधी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. मी दहा वर्षांची होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तेच अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. आमच्या घरातली आजी गेली आणि बापूंची पाच वर्षांची मुलगी गेली. पुढे ५२ गावं उठवून दुसरीकडे वसवली, त्यातलं हे एक. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवर ठरलं. आम्हाला ४०० चौरस फूट मिळालं, मागच्या खोल्या अण्णांनी नंतर बांधल्या. रस्ते रुंद आणि सरळ आहेत, घरं सिमेंटची आहेत, रात्री झोप लागते. पण शेजार बदलला आणि शेत लांब गेलं, तीन किलोमीटर.

दुपारी ऊन कमी झाल्यावर मुलाला घेऊन जुन्या गावाच्या जागेवर गेले. त्याने स्वतःच विचारलं होतं. वेडी बाभूळ माजली आहे. दगड बरेचसे लोकांनी नेले, उरलेत त्यांवर माती चढली आहे. मारुतीच्या पारावरून मी अंदाज घेत गेले, डावीकडे वळले, पावलं मोजली. आमच्या घराची जागा मला भिंतींवरून नाही, उखळावरून सापडते. स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तसंच आहे. आजी त्यात शेंगदाण्याचा कूट करायची, आणि कडेला बसलेल्या पोरांना चिमूटभर द्यायची. त्यात पावसाळ्यातलं पाणी कधीच आटून गेलं होतं आणि तळाशी बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. मुलाने वाकून त्या काढल्या, हाताने उखळ पुसलं. मी काही बोलले नाही, त्यानेही काही विचारलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर सोयाबीनच्या पोत्यांना टेकून लॅपटॉप उघडला. दोन पक्षकारांची विवरणपत्रं राहिली होती. एकाच्या खरेदीतली तीन बिलं जुळत नव्हती, बाराच्या पुढे जुळली. आई पाणी प्यायला उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "एवढं कसलं काम गं?" म्हटलं, हिशेब गं आई, लोकांचे. ती म्हणाली, "तुझ्या आज्याचा हिशेब भिंतीवर असायचा, कोळशानं लिहिलेला."

सोमवार, ३० डिसेंबर, येळवस

तीनला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. काकू, वहिनी, आत्या, आई, चौघी चुलीभोवती. आज गॅसवर काही होत नाही, एवढ्या मोठ्या पातेल्याला गॅस पुरणारही नाही. भज्जीचं पातेलं दोघींनी मिळून उचलून चुलीवर ठेवलं. कालचे सोललेले सगळे दाणे, वाल, गाजर, मेथी, पात, सगळं त्यात. चिंचेचा कोळ, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, मग हरभऱ्याच्या डाळीचं पीठ कालवून ओतायचं. पीठ ओतताना एकीने ओतायचं आणि दुसरीने हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मी ढवळायला बसले. काकू शेजारी बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळत होत्या. त्यांच्या तळहातावर पिठाचा गोळा दोनदा फिरला की उंडा गोल. माझे तीन उंडे चपटे झाले, त्यांनी न बोलता ते पुन्हा वळले. गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे. आंबील शनिवारी रात्रीच लावलेली होती, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून. आता तिच्यात जिरं, लसूण, आलं आणि कोथिंबीर गेली. झाकण काढल्यावर आंबूस वास घरभर पसरला.

आठला निघालो. सामान ट्रॅक्टरमधून, पण आंबीलीचं मडकं डोक्यावरूनच न्यायचं. गेली अनेक वर्षं ते अण्णा नेतात. यंदा त्यांचा गुडघा दुखतोय. त्यांनी मडक्याला घोंगडी गुंडाळली, चुंबळ केली आणि मडकं दादाच्या डोक्यावर ठेवलं. मग पूर्ण तीन किलोमीटर त्याच्या बरोबरीने चालत आले, एक हात वर धरून.

रस्ता माणसांनी भरला होता. गावात मागे कुत्र्यांशिवाय कुणी नसेल. वाटेवरच्या प्रत्येक शेतातून हाक येत होती, "या हो, आंबील प्यायला!" जुन्या गावाजवळून जाताना बायकांचा आवाज आपोआप खाली येतो. ३१ वर्षं झाली, तरी येतो.

शेतात विहिरीजवळ आमची कोपीची जागा आहे. दादाने आणि चुलतभावाने पाच पेंढ्या उभ्या केल्या, शेंडे एकत्र बांधले, तोंड पूर्वेला ठेवलं, वरून आईची नवी शाल पांघरली. आत पाच पांडव. ते पाच दगड वर्षभर कडुलिंबाच्या बुडाशी असतात. मुलांनी ते धुतले, चुना लावला, त्यावर काव. माझ्या मुलाच्या कोपरापर्यंत काव गेली.

ही जागा आज्याने ठरवलेली आहे. भूकंपानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. घरात दोन माणसं गेलेली, कुणाच्या मनात सण नव्हता. आज्या पहाटे उठून एकटाच शेतात गेला. गाव सगळं पडलं होतं, पण शेतातली कडब्याची गंजी जशीच्या तशी उभी होती. तिच्यातल्या पाच पेंढ्या त्याने काढल्या. दुपारी अण्णा शोधत गेले तेव्हा कोप उभी होती आणि आज्या तिच्यासमोर बसलेला होता. मग निलंग्याहून आत्या डोक्यावर पाटी घेऊन आली, उंडे आणि भज्जी. त्या दिवशी आमच्या घरातली सगळी माणसं भूकंपानंतर पहिल्यांदा एका ठिकाणी बसून जेवली. बापूंची बायको, आमची काकू, त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली, असं आई सांगते.

आज्या २०१० मध्ये गेला. वाटण्या झाल्या तेव्हा कोपीची जागा आणि कडुलिंब बापूंच्या हिश्श्यात आला. अण्णांनी आपल्या शेतात वेगळी कोप करावी असं कुणीतरी सुचवलं होतं. येळवशीच्या सकाळी बापू दारात आले आणि म्हणाले, "पांडव काय वाटून घ्यायचेत का?" तेव्हापासून धुरा कुठूनही गेला तरी कोप एकच आहे. घर बदललं, गाव बदललं, पिकं बदलली. या सगळ्यात माझ्या लहानपणाशी जुळणारी एवढी एकच जागा आहे, दहा पावलांची.

पूजा झाली. मग आंबील आणि भज्जी कालवून पिकावर शिंपडायची. बापू पुढे, त्यांच्यामागे अण्णा लंगडत, मागे आम्ही सगळे. "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी. या शब्दांचा अर्थ आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही, पण आवाज कसा चढवायचा ते लहान पोरांनाही माहीत आहे. हरभऱ्याच्या शेंड्यावर आंबीलीचे पांढरे थेंब पडत होते. बापूंनी वाकून एक घाटा फोडला. आत हिरवी अळी. त्यांनी ती चिरडली, हात धोतराला पुसला आणि पुन्हा ओरडले, "ओलगे ओलगे!"

जेवायला चाळीस-एक माणसं झाली. शेजारचे कडबावाले काका, त्यांचं कुटुंब, रस्त्याचं काम करायला आलेली तेलंगणातली पाच पोरं, ज्यांना काकूने हाताला धरून बसवलं. पत्रावळीवर उंडा कुस्करायचा, त्यात भज्जी, वर कच्चं तेल. आंबील गडूने. तिसऱ्या गडूनंतर डोळे जड होतात आणि माणसं कडुलिंबाखाली आडवी होतात.

मला आडवं होता येत नव्हतं. दीडला मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून मी पोर्टल उघडलं. तिथे मोबाईलला रेंज येते. विवरणपत्र तयार होतं, फक्त दाखल करायला पक्षकाराच्या मोबाईलवर येणारा ओटीपी हवा होता. पुण्यातले हार्डवेअरचे दुकानदार, दोन वर्षं त्यांचं काम मी बघते. फोन लावला. मागे पोरांचा कालवा, कुणीतरी ओरडत होतं. मी म्हटलं, माफ करा, सुट्टीच्या दिवशी त्रास देते, एक ओटीपी येईल. ते म्हणाले, "थांबा ताई, हात धुतो. आंबीलीचा हाय." मला वाटलं चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कुठे आहात? "शेतात. निलंग्याकडं. येळवस हाय ना आमची."

दोन वर्षं आम्ही एकमेकांशी शुद्ध पुणेरी बोलत होतो. सहा आकडे त्यांनी सांगितले, मी टाकले, विवरणपत्र दाखल झालं. मग दहा मिनिटं आम्ही भज्जीत कारळं घालावं की नाही यावर बोललो.

दिवस कलताना ढग पांगले. कोपीसमोर तीन दगडांवर गोवऱ्या पेटवून छोट्या बोळक्यात दूध ठेवलं. ते कोणत्या दिशेला उतू जातं याकडे सगळ्यांचे डोळे. यंदा पूर्वेला गेलं. अण्णा आणि बापूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही हसले.

मग हेंडगा. कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती पळायचं. हे तरण्या पोरांचं काम. दादाने पेंढी माझ्या मुलाच्या हातात दिली. मी "अरे" म्हणेपर्यंत तो धुऱ्यावरून निघालाही होता, ठिणग्या मागे टाकत, मामा पाठोपाठ. आणि मग पलीकडच्या शेतात दुसरा हेंडगा पेटला, त्यापलीकडे तिसरा. अंधारात लांबपर्यंत आगीचे ठिपके पळत होते. काकू माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "आज्याचं पळणं हाय बघ त्याच्यात."

पुढच्या वर्षासाठी धुऱ्याकडेच्या चार तासांत ज्वारी पेरू, असं निघताना दादा अण्णांना म्हणाला. अण्णा म्हणाले, "आठ तासं पेर. शेजाऱ्यालाबी द्यायला लागंल."

रात्रीच्या गाडीला दादाने लातूरला सोडलं. गंजगोलाईवरून गेलो. शनिवारी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे एकही दुकान उघडं नव्हतं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

पहाटे पुणे. मुलाला घरी सोडलं, आंघोळ केली, नऊला ऑफिसात. उरलेलं एक विवरणपत्र दुपारी दाखल झालं. डब्यात उंडे आणि भज्जी होती. भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, चिंच मुरते. सरांनी दोनदा घेतली आणि उंडा कुस्करायचा कसा ते विचारून घेतलं.

चारच्या सुमाराला हार्डवेअरवाल्यांचा फोन आला. दाखल केल्याची पोचपावती मिळाली, धन्यवाद, म्हणाले. मग जरा थांबले.

"ताई, तुमचं दूध कुणीकडं गेलं?"

"पूर्वेला."

"आमचंबी," ते म्हणाले.